साल

राजारामपुरीत, सातव्या गल्लीत,
झेरॉक्सच्या दुकानावर आमचं ऑफिस.
तिथं तीन आठवडे मी एक बाभूळ उभी करतेय.
खोड झालं. फांद्या झाल्या.
पानं एकेक करून कुणी करत नाही :
चौकोनी कागदावर अख्खी डहाळी, बाकी कागद पारदर्शक,
आणि असे चारशे कागद फांद्यांत खोचायचे,
तिरके, उलटे, एकमेकांना छेदणारे.
लांबून बघणाऱ्याला ती पालवी वाटते.

इरफान मुजावर म्हणतो, साडेतीन हजार त्रिकोण.
वर एक नाही.
फ्रेमला सोळा मिलिसेकंद मिळतात गं,
त्यात घोडे आहेत, धूर आहे, गडाची तटबंदी आहे,
तुझ्या एका झाडाला किती वाढू?

खोडावर आधी विकतची साल चढवली होती,
कुठल्यातरी थंड देशातल्या झाडाची.
दर दोन हातांवर तीच गाठ,
वर पुन्हा तीच गाठ,
न्हाणीघराच्या फरशीसारखी.

म्हणून एका ढगाळ दुपारी
कॅमेरा घेऊन जवाहरनगरला गेले.
ढगाळच हवी होती.
उन्हाची सावली फोटोत अडकली
की खेळात रात्र पडली तरी खोडावर दुपारच राहते.

शिंत्रेमामांच्या हौदात कातडी मुरत होती,
हिरड्याच्या, बाभळीच्या लाल पाण्यात.
वास असा, की पहिल्यांदा मी फोटो तोंडानं श्वास घेत काढले.
कडेला सालींची रास.
कशाला पायजे गं तुला?
झाडाला लावायला.
मामा काठी टेकून हसले, बराच वेळ.
आमी झाडाची काढून कातड्याला देतो,
तू काढलेली परत झाडाला घालतीस व्हय?

पण त्यांनी निवडून दिल्या.
फरशीवर एक लांब साल उताणी पसरली
आणि मला माझाच स्क्रीन दिसला.
आम्हीही असंच करतो :
खोडाला एका रेषेत उभा छेद द्यायचा,
उलगडून सपाट करायचं, रंगवायचं, परत गुंडाळायचं.
जोड मागं ठेवायचा,
जिकडं खेळणारा वळत नाही.

हितं कोयता बसलाय, मामा म्हणाले,
शेंगा पाडणाऱ्याचा. शेळ्या असत्याल त्याच्याकडं.
मी तो वण पुसला.
वण चालत नाही, दर दोन हातांवर
तोच कोयता बसेल.
मग रात्री वेगळा चिकटवला,
एकाच झाडावर, कमरेच्या उंचीला.
एका घावासाठी चार एमबी? इरफान म्हणाला.
म्हणाला, आणि ठेवू दिला.

चाळीस पावलांवर फांद्या गळतात.
शंभरावर माझी बाभूळ म्हणजे
अधिकच्या चिन्हासारखे उभे दोन फोटो.
त्याच्याही पुढं एकच,
तुम्ही जाल तिकडं तोंड करणारा,
पाठ नसलेला.
घोडेस्वार दौडत जातो. थांबत कुणीच नाही,
थांबावं असं मीही काही केलेलं नाही.

रविवारी लॅपटॉप घेऊन मामांकडं गेले.
त्यांनी चष्मा शोधला, मिळाला नाही, तसंच बघितलं.
किती सालचं झाड?
वय लिहायला जागाच नाही, मामा.
बी म्हणून एक आकडा टाकायचा,
एकेचाळीस, की पुरतं वाढलेलं झाड मिळतं.
बेचाळीस टाकला तर?
तर ही फांदी डावीकडं.
त्यावर ते काही बोलले नाहीत.
वारा लावला. डहाळ्या हलल्या.
वारं कुटनं येतंय, विचारलं त्यांनी.
खरं सांगायचं तर कुठूनच नाही,
नुसती वर-खाली होणारी एक रेघ असते.

मागनं दाखव.
फिरवलं.
जन्मभर सालीच्या पाण्यात बुडलेला,
आता धुऊनही न निघणारा तपकिरी अंगठा
काचेवरून हळूच वर गेला, थोडा खाली आला,
आणि थांबला :
हितं जोडलंयस.

इरफानला सांगितलं.
तो म्हणाला, तो माणूस खेळणार आहे का?
नाही.
मग राहू दे.
तरी आज पुन्हा फाईल उघडून बसलेय,
साडेसात वाजलेत, खाली शटर ओढल्याचा आवाज झाला,
आणि काच अजून पुसलेली नाही.